पार्किंगचा पास

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज म.ला त्याची नोकरी संपत असल्याचं सांगितलं. पत्र सकाळीच ईमेलने गेलं होतं. समोर बसून तेच पुन्हा तोंडी सांगायचं, असा आता आमच्या जिनेव्हातल्या ऑफिसचा शिरस्ताच झालाय. एचआरची नवी मुलगी टिपण घ्यायला शेजारी. पाण्याचा जग, तीन ग्लास, टिश्यूचा खोका. तो खोका मी हल्ली खोलीत शिरल्याशिरल्या खिडकीत सरकवून ठेवते. समोर असला की माणसाला वाटतं, आता आपण रडायला हवं.

म. रडलाबिडला नाही. सगळं ऐकून घेतलं. पत्राची छापील प्रत त्याने घडी घातली, उघडली, परत घातली. मग म्हणाला, "दहा ऑक्टोबर हा माझा इथला शेवटचा दिवस धरला, तर पार्किंगचा पास तेव्हाच द्यायचा, की महिन्याचे पैसे कापलेत म्हणून एकतीसपर्यंत ठेवता येईल?"

आणि मला बरं वाटलं.

हेच खुपतंय. वाईट वाटायला हवं होतं, निदान अवघडल्यासारखं तरी. पण मला चक्क बरं वाटलं, कारण उत्तर मला माहीत होतं. पैसे कापलेत ना, मग एकतीसपर्यंत पास चालू राहील. बॅज आणि लॅपटॉप मात्र दहालाच जमा करायचा. पास नंतर गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे दिला तरी चालेल, फक्त मला एका ओळीचा मेल टाकून ठेव. मी इतकं सविस्तर आणि इतक्या उत्साहाने सांगितलं, की टिपण घेणाऱ्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिने पार्किंगचं सगळं लिहून घेतलं की नाही कोण जाणे.

त्याआधी वीस मिनिटं मी जे बोलत होते त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. ते ठरवूनच दिलेलं असतं, वकिलांच्या नजरेखालून गेलेलं. "संस्थेची आर्थिक परिस्थिती", "पदांचा आढावा", "आपल्या योगदानाबद्दल". शिवाय म.ला कुणी काढून टाकलेलंही नाही. त्याचा करार संपतोय आणि तो वाढवला जाणार नाही, एवढंच. करार मुदतीचा असला की नूतनीकरणाची अपेक्षा ठेवू नये, कायदेशीर किंवा कसलीही, हे नियमातच लिहून ठेवलंय. दर दोन वर्षांनी नवा कागद येतो, माणूस सही करतो, ती ओळ कोण वाचतं? पद रद्द करून मुदतीआधी घालवलं असतं तर भरपाई द्यावी लागली असती. मुदत संपू दिली की काही द्यावं लागत नाही. नियमाच्या भाषेत म.च्या बाबतीत काही घडलेलंच नाही. जे घडलंच नाही ते त्याला समजावून सांगायला मी बसले होते.

त्याची मुलगी मातुरितेच्या, म्हणजे इथल्या शालान्त परीक्षेच्या, वर्षाला आहे. त्याने ते काढलं नाही. मीही नाही.

नोकरी गेली की इथलं ओळखपत्रही जातं, त्यासोबत राहायचा हक्क. थोडी मुदत मिळते, मग सामान बांधायचं. या गावात संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांतले आमच्यासारखे जे हजारो लोक आहेत, त्यांचं सगळं बिऱ्हाड त्या एका कार्डावर उभं आहे. कुणी तसं बोलून दाखवत नाही. ट्राम १५ मध्ये सकाळी सगळे बॅज गळ्यात घालून मोबाइलमध्ये डोकं खुपसून असतात. २०२५ सुरू झाल्यापासून मात्र डोकी वर येतात. जानेवारीत अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडायचं जाहीर केलं, मार्चमध्ये न्यूयॉर्कहून 'यूएन ८०' नावाची काटकसर-मोहीम आली, आणि तेव्हापासून कोण राहणार, कोण जाणार याखेरीज कॉफीच्या यंत्रापाशी दुसरा विषय नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियमित खर्चात एकट्या अमेरिकेचा वाटा २२ टक्के. तेवढी एक वर्गणी थकली की कुठल्याशा पाचव्या मजल्यावरचं कुणीतरी आपल्या कुंडीतली झाडं घरी न्यायला लागतं.

१ मे रोजी पाले दे नासिओं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची इथली मुख्य इमारत, तिच्यासमोरच्या चौकात सगळ्या संस्थांचे शेकडो कर्मचारी जमले होते. तीच ती मोडक्या पायाची लाकडी खुर्ची, बारा मीटर उंच, १९९७ साली भूसुरुंगांविरुद्ध उभी केलेली. त्या खुर्चीखाली फलक घेऊन माणसं. मी गेले नाही. माझ्या हुद्द्यावरच्या माणसाने जावं का, याचा नियम मी आधी शोधला. तसा नियमच नाही असं कळलं, तेव्हा ऑफिसातच बसून राहिले. म. गेला होता. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये म्हणाला, उन्हात उभं राहून मान भाजली.

तो तेव्हा यादीत होता का, हे मला आठवतं. लिहीत नाही.

परत तिथेच येते. बरं का वाटलं?

एक कारण सोपं आहे. वीस मिनिटं मी त्याला जे सांगत होते त्यातलं काहीच बदलणं माझ्या हातात नव्हतं. छाननीच्या तक्त्यात कराराचा प्रकार, कामाची कुवत, सेवेची वर्षं असे रकाने असतात, त्यात माणसं वरखाली होतात, आणि रेघ कुठे मारायची हे वर ठरतं. माझ्याकडे फक्त रेघेखालची नावं येतात. पार्किंगचा पास मात्र माझ्या हातात आहे. त्याचे अधिकार पूर्णपणे माझे. एकतीसपर्यंत म्हणजे एकतीसपर्यंत, यासाठी मला कुणाला विचारायचं नाही.

पण एवढ्याने भागत नाही. ज्याच्या हाती काही नाही त्याला निदान ओशाळं वाटतं. मला ओशाळंसुद्धा वाटलं नाही. काम नीट झाल्याचं समाधान वाटलं, महिनाअखेरीस हिशेब पैशापैशाने जुळला की वाटतं ना, नेमकं तेच.

आणि माझं कुणाला आहे का? वरचे साहेब सगळ्यांना एकदम व्हिडिओवर सांगतात, आवाज जड करतात, हृदयावर हात ठेवतात, मग कॅमेरा बंद. खोलीत बसायला मी. उन्हाळाभर मीच बसतेय. डोळे पाहायचे मी. जेवायला कॅन्टीनमध्ये गेले की टेबलावरची माणसं हसून विषय बदलतात, जणू माझ्या ट्रेमध्ये सॅलडबरोबर एखादं पत्रही असेल. आमच्याकडे खर्च प्रमाणित करणारा आणि मंजूर करणारा कधीच एक नसतो, दोन वेगळ्या सह्या लागतात, म्हणजे कुणा एकावर सगळा भार पडू नये. इथे मात्र सांगायचं मी, ऐकून घ्यायचं मी, रात्री जागायचंही मीच.

वरचं वाक्य परत वाचलं. अगदी नाटकी झालंय. कट्यारबिट्यार काही नाही बाई, पार्किंगचा पास आहे. जागतोय तो म. असेल.

मघाशी आईचा फोन होता. तिथे रात्रीचा एक वाजलेला, तिला झोप येत नाही. तिला मी म.चं सांगितलं, नाव न घेता. ती पटकन म्हणाली, "पितृपक्षात कशाला सांगितलंस गं? थांबायचं होतंस चार दिवस." मी म्हटलं, पितृपक्षात नवं काही सुरू करू नये म्हणतात, संपवायचं नाही असं कुठे म्हटलंय? ती त्यावर खरोखर विचार करत राहिली. मग म्हणाली, "तेही खरंच."

मग पासाचं सांगितलं, बरं वाटल्याचंही. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. ती म्हणाली, "अण्णांवर गेलीयेस."

अण्णा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. कुणी निवृत्त व्हायचं असलं की ना-देय दाखल्याचा कागद अण्णा स्वतः फिरवून आणायचे. पतसंस्था, भांडार, नाझर म्हणजे कचेरीची रोकड सांभाळणारा, ग्रंथालय, सगळीकडच्या सह्या. निवृत्त होणाऱ्याने खुर्चीवर बसून चहा प्यायचा. गावात अजून लोक सांगतात, अण्णांसारखा माणूस नाही, जाणाऱ्याला कधी पायपीट करू दिली नाही. मीही हे लहानपणापासून ऐकत आले, आणि इथे रुजू झाले तेव्हा पहिल्या मुलाखतीत सांगितलंही होतं, मोठ्या अभिमानाने.

आई म्हणाली, "माणसाचं काय गं त्यांना. रकाना रिकामा राहिलेला बघवायचा नाही. भोसल्यांच्या कागदावर नाझरांची सही राहिली होती, तर जेवण टाकून सायकलवर गेले. भोसले घरी बसून रडत होते, तिथे नाही गेले."

मला आधी राग आला. मग हसू आलं, आवरेना. हा आतल्या खोलीतून उठून आला, काय झालं म्हणून. काय सांगणार?

पण भोसल्यांना सही मिळाली. आईला मी ते म्हटलंही. "हो, मिळाली ना," ती म्हणाली, "पेन्शन वेळेवर सुरू झाली त्यांची. शेजारच्या शिंदे मास्तरांची वर्षभर अडकली होती." आणि मग तिने गुडघ्याचा विषय काढला.

म्हणजे रडणाऱ्याजवळ बसणारी माणसं वेगळी असतात आणि नाझराची सही आणणारी वेगळी. मी कुठली, ते मला बहुधा आज कळलं नाही, आधीपासून ठाऊकच होतं. त्या टिपणवाल्या मुलीने मान वर केली तेव्हा ते तिलाही कळलं, एवढंच झोंबलं. ती पंचविशीची आहे. मीटिंग संपल्यावर ती म.च्या मागोमाग बाहेर गेली आणि जिन्यापाशी त्याच्याशी पाचेक मिनिटं बोलत उभी राहिली. काय बोलली ते टिपणात नाही. टिपण मात्र गचाळ झालंय, दोन तारखा चुकल्यात, मी रात्री बसून दुरुस्त केलं. दोघींपैकी एकीला ते करावंच लागणार होतं.

दुपारी मीटिंगनंतर मी सोडून जाणाऱ्यांसाठीच्या सूचनांच्या यादीत एक ओळ घातली होती: पार्किंग पास, शुल्क कापलेल्या महिन्याच्या अखेरपर्यंत वैध. म्हणजे पुढच्या माणसाला विचारावं लागणार नाही. घातल्यावर लक्षात आलं, पुढच्या माणसाने विचारलंच नाही तर मी काय बोलू? ओळ काढली. संध्याकाळी निघताना परत घातली. विचारायला माणसं दुसरं काहीतरी शोधतील. गुरुवारच्या दोघांपैकी एक तर दंतवैद्याच्या बिलाचं विचारणार, आत्ताच सांगते.

पालेच्या बागेत मोर आहेत. गुस्ताव रेविल्यो नावाच्या गृहस्थाने १८९० साली ती जागा शहराला देताना मोर मोकळे फिरत राहतील अशी अट मृत्युपत्रात घातली, असं सांगतात. राष्ट्रसंघ आला, बुडाला, संयुक्त राष्ट्रं आली, २०२३ च्या डिसेंबरात पैसे वाचवायला पाले तीनेक आठवडे बंद ठेवलं. मोर आहेतच. गेल्या आठवड्यात तिथल्या बैठकीला गेले होते, तर एक मोर मुख्य दाराच्या पायऱ्यांवर ठाण मांडून, दोन राजदूत बाजूने वळसा घालून गेले. करार करावा तर असा. नूतनीकरणाची भानगड नाही, छाननी नाही, मूल्यमापनाचा अर्ज नाही.

माझं पदही पुढच्या आढाव्यात आहे. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, घरी ह्याला माहीत आहे, आईला नाही. प्रशासनाची कामं जिनेव्हातून स्वस्त शहरात हलवायची, असा प्रस्ताव वर गेलाय. त्याला जोडलेला खर्चाचा तक्ता मीच केला. जिनेव्हातलं माझ्या हुद्द्याचं एक पद आणि नैरोबीतलं तेच पद, पगार, स्थानिक महागाईचा भत्ता, मुलांच्या शिक्षणाचं अनुदान, विमा, सगळं शेजारी-शेजारी. फरक डोळ्यांत भरण्याइतका आहे. दोनदा तपासला, आकडे बरोबर आहेत. वरून शाबासकीचा मेलही आला, फार स्पष्ट मांडणी म्हणून.

बाहेर बीझ, इथला तो बोचरा गार वारा, सुटलीये, खिडकीची झडप आदळतेय, उठून लावायला हवी. ताईचा निरोप आलाय, दिवाळीला नक्की येताय ना, फराळाचं सांगून ठेवते. येतोय म्हणून कळवलं. तिकिटं परत करता येतील अशीच काढली आहेत, थोडी महाग पडली.