ल्योंला गेलात तर दुपारी जेवा

जर्मनीतल्या आमच्या विद्यापीठाची नगररचनेची अभ्याससहल यंदा फ्रान्समध्ये, ल्योंला गेली होती. रेशीम विणणाऱ्यांच्या जुन्या वस्त्या, इमारतींच्या पोटातून आरपार जाणारे 'त्राबूल' नावाचे बोळ, असा भरगच्च कार्यक्रम होता. त्याचा अहवाल प्राध्यापकांना दिलाय. इथे फक्त जेवणाबद्दल लिहिते.

ल्योंच्या खास खाणावळींना बुशों म्हणतात. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, एकमेकांना खेटून मांडलेली टेबलं, फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू. रात्री तिथे मनसोक्त मागवलं तर विद्यार्थ्याच्या खिशाला कात्रीच. दुपारी मात्र 'फॉर्म्युल' असते, म्हणजे ठरावीक दरातलं जेवण. आधी आंत्रे, मग मुख्य पदार्थ, मग गोड, सगळं मिळून साधारण 20 युरोंच्या आसपास. तेच स्वयंपाकघर, तोच आचारी. सहलीला निघालेल्या पोरांनी रात्री बेकरीतलं सँडविच खावं आणि दुपारी ऐटीत टेबलावर बसावं, हे माझं ठाम मत.

ऐटीत म्हणजे निवांतही. पहिल्या दिवशी आमचा अख्खा घोळका भुकेने कासावीस झालेला, आणि समोर फक्त ब्रेडची टोपली. एक पदार्थ सगळ्यांचा खाऊन होईपर्यंत पुढचा येत नाही. आपल्याकडे ताट वाढलं की मीठ-लिंबापासून गोडापर्यंत सगळं एकदम समोर असतं, कुठून सुरुवात करायची हे आपण ठरवायचं. इथे ते स्वयंपाकघर ठरवतं. गंमत म्हणजे पूर्वी फ्रेंच मेजवान्यांमध्येही बरेच पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडायची पद्धत होती. एकामागून एक वाढणं ही रशियन रीत, ती फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात रुजली. आणि आता हा क्रम इतका अंगात भिनलाय, की 2010 मध्ये युनेस्कोने फ्रेंच भोजनपद्धतीला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात या क्रमाचाही उल्लेख आहे.

आता कनेल. हा पदार्थ मी दोनदा खाल्ला आणि तिसऱ्यांदाही खाईन. पाइक हा गोड्या पाण्यातला मासा, चवीला छान पण काट्यांनी भरलेला. म्हणून त्याचं मांस वाटून, चाळणीतून काढून, लोणी, पीठ आणि अंडी घालून फेटतात. लांबट गोळे पाण्यात उकडतात आणि झिंग्यासारख्या क्रेफिशच्या केशरी सॉसमध्ये ओव्हनला लावतात. माझ्यापुढे आलं ते ओव्हल भांडं कडेने अजून बुडबुडत होतं. गोळा फुगून भांड्याच्या काठाच्या वर आलेला, माथ्यावर तपकिरी डाग. चमचा लावला तर आत पांढरंशुभ्र, जाळीदार आणि इतकं हलकं की चावायची गरजच नाही. उरलेला सॉस ब्रेडने पुसून घेतला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनीही तेच केलं, म्हणजे शिष्टाचाराला धक्का नसावा.

आंदुयेत नावाचं सॉसेज मात्र जपून मागवा. डुकराच्या आतड्यांचं असतं आणि वास टेबलभर पसरतो. आमच्यातल्या जर्मन मुलांनी नाकं मुरडली. घरी वजडी खाऊन मोठा झालेला आमचा कोल्हापूरकर मात्र मोहरीच्या सॉससकट चाटूनपुसून मोकळा झाला.

शाकाहारी लोकांचं काय? खरं सांगायचं तर हाल. ल्योंच्या प्रसिद्ध सॅलडमध्येसुद्धा डुकराचे तुकडे असतात. आमच्या शाकाहारी मैत्रिणीला तारलं ते 'सेरव्हेल द कानू'ने. ताजं मऊ चीज फेटून त्यात लसूण, बारीक कांदा, हिरवी पानं, थोडं व्हिनेगर आणि तेल घालतात, सोबत उकडलेले बटाटे. क्र्वा-रूसच्या टेकडीवरच्या विणकरांचं हे गरिबीतलं खाणं. चीजमधलं रेनेट (दूध गोठवायला वापरतात तो, बहुधा वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ) चालत नसेल, तर आधी विचारून घ्यायला हवं.

या शहराच्या स्वयंपाकाची कीर्ती वाढवली ती बायकांनी. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या अनेकींनी पुढे स्वतःच्या खाणावळी थाटल्या, त्यांना 'मेर' म्हणजे आई म्हणत. त्यांतल्या उजेनी ब्राझिए यांना 1933 मध्ये दोन रेस्टॉरंटांसाठी प्रत्येकी तीन मिशलँ तारे, म्हणजे मिशलँ गाइडचा सर्वोच्च मान, मिळाले. पुढे जगप्रसिद्ध झालेले शेफ पॉल बोक्यूज उमेदवारीच्या काळात त्यांच्याच हाताखाली राबले. आज शहरातलं मोठं खाद्यबाजाराचं दालन बोक्यूज यांच्या नावाने आहे. ब्राझिए यांचं नाव मात्र आमच्यातल्या कुणी ऐकलेलं नव्हतं.

थोडं व्यवहाराचं. 'काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं. जर्मनीत पाण्याचे पैसे मोजून मोजून जीव गेलेल्या आम्हाला हे फारच भावलं. ब्रेडही फुकट. सर्व्हिसचे पैसे किमतीतच धरलेले असतात, त्यामुळे टिप द्या किंवा देऊ नका. कॉफी गोडानंतर येते, गोडाबरोबर नाही. बिल मात्र बहुतेकदा टेबलाचं एकच येतं. जर्मनीसारखं वेटरने प्रत्येकापाशी येऊन वेगळे पैसे घ्यावेत ही अपेक्षा ठेवू नका, एकाने कार्ड द्यायचं आणि बाकीच्यांनी त्याला फोनवरून पैसे पाठवायचे. घोळका मोठा असेल तर आदल्या दिवशी टेबल सांगून ठेवा आणि बाराच्या ठोक्याला पोचा. दोन वाजले की बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, रविवार-सोमवार तर कित्येकांची दारंच उघडत नाहीत.