तुम्ही विचारलंत म्हणून: "सर, पुढे प्रो होईल का हो?"

हा प्रश्न मला एप्रिलमध्ये जास्त येतो. परीक्षा संपलेल्या असतात, उन्हाळी शिबिराची फी भरून झालेली असते आणि अंडर-12 च्या कुठल्यातरी स्पर्धेचा चषक वडिलांच्या पिशवीतून डोकावत असतो. "सर, एक विचारू? पुढे प्रो होईल का हो?" वीसेक वर्षं पुण्यात मुलांना टेनिस शिकवतोय. 'हो' म्हणणं म्हणजे थाप, आणि 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून मी याकुब मेन्शिक या चेक टेनिसपटूची गोष्ट सांगायला बसतो. पालकांना वाटतं, सर विषय बदलतायत.

जानेवारी 2022. मेलबर्न, ऑस्ट्रेलियन ओपनच्या ज्युनिअर मुलांची फायनल. एका बाजूला अमेरिकेचा ब्रूनो कुझुहारा, दुसऱ्या बाजूला चेक प्रजासत्ताकाचा 16 वर्षांचा मेन्शिक. ऊन असं की बसल्या जागी घाम फुटावा. तीनच सेटचा सामना, पण चालला जवळजवळ पावणेचार तास: 7-6, 6-7, 7-5. शेवटचा पॉइंट गेला आणि मेन्शिक कोर्टवरच आडवा झाला. पायांत पेटके आलेले, उठता येईना. चाकाच्या खुर्चीत बसवून त्याला बाहेर न्यावं लागलं.

"म्हणजे हरला?" वडील विचारतात.

हो, हरला. जिंकला कुझुहारा, आणि त्याच स्पर्धेत दुहेरीही त्यानेच जिंकली. पण आता खरं सांगा, ते नाव तुम्ही याआधी कधी ऐकलं होतं?

ज्युनिअरमध्ये मिळवलेले गुण मोठ्यांच्या रँकिंगमध्ये धरत नाहीत, ही गोष्ट पुष्कळ पालकांना माहीतच नसते. तिथलं खातं शून्यापासून उघडायचं. एकूण बक्षीस 15,000 डॉलर असलेली सगळ्यात खालच्या पायरीची स्पर्धा जिंकली, तर 15 गुण मिळतात. तिच्या वर चॅलेंजर नावाच्या स्पर्धा, त्यातल्या मधल्या दर्जाची जिंकली तर 100. अमेरिकेतल्या मायामीसारखी मोठी स्पर्धा जिंकली तर 1000. या जिन्याचा खालचा भाग फार अंधारा असतो. प्रेक्षक नाहीत, टीव्ही नाही. हॉटेलची खोली दोघांत वाटून घ्यायची, मंगळवारी हरलात तर बुधवारी पुढच्या गावी. आणि समोर 28-30 वर्षांचे बाप्ये, ज्यांना तुमच्या ज्युनिअर चषकाचं काडीचं कौतुक नाही.

मेन्शिक या जिन्याने भराभर चढला. पण प्रत्येक पायरीवर त्याला कुणीतरी झोडपलं आहे. 2023 ची यूएस ओपन घ्या. पात्रता फेरीतून आला, पहिल्याच ग्रँड स्लॅममध्ये तिसरी फेरी गाठली, अठरावं नुकतं लागत होतं. घरी फोन करून सांगण्यासारखा आठवडा! आणि तिसऱ्या फेरीत टेलर फ्रिट्झने त्याला 6-1, 6-2, 6-0 असा घरी पाठवला. टेनिसमध्ये याहून सभ्य भाषेत अपमान करता येत नाही.

सहाच महिन्यांनी, फेब्रुवारी 2024 मध्ये, कतारमधल्या दोहाला त्याने अँडी मरेला तिन्ही सेट टायब्रेकमध्ये (6-6 बरोबरी झाल्यावर सेट ठरवणारा गेम) नेऊन हरवलं, मग रुबलेव्हला, आणि फायनलमध्ये खाचानोव्हकडून हरला.

आता गावाबद्दल. हा मुलगा प्रोस्त्येयोव्हचा. मोराव्हियातलं चाळीस-पंचेचाळीस हजार वस्तीचं गाव, म्हणजे आपल्याकडचं मध्यम तालुक्याचं ठिकाण. पण तिथल्या टेनिस क्लबमध्ये विम्बल्डन विजेती पेत्रा क्विटोव्हा घडली, टोमाश बर्डिच घडला. (मुली सगळ्या 'ओव्हा' का, असंही मला विचारतात. आपलं पाटील-पाटलीण, तसंच काहीसं. आडनाव तेच, बाईचं म्हणून शेपूट वेगळं.) सगळा देश एक कोटीच्या थोडा वर, आणि विम्बल्डनमध्ये महिला एकेरीचं विजेतेपद 2023 ला वोन्द्रोउशोव्हाकडे, 2024 ला क्रेय्चिकोव्हाकडे. लागोपाठ दोन वर्षं, दोन वेगळ्या चेक मुली.

लोक म्हणतात, त्यांच्याकडे सुविधा आहेत. आहेतच. पण मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. प्रोस्त्येयोव्हला दर जूनमध्ये लाल मातीवर चॅलेंजर स्पर्धा भरते. गावातल्या पोराने सायकलवर टांग टाकायची आणि जगातला नव्वदावा खेळाडू सर्व्हिस कशी करतो ते दहा फुटांवरून बघायचं. शिवाय त्यांच्याकडे क्लब-क्लबांची लीग चालते, त्यात पंधरा-सोळाचं पोर तिशीच्या माणसासमोर उभं राहतं आणि मार खातं. आमच्याकडे अंडर-14 चा मुलगा अंडर-14 शीच खेळतो, का तर रँकिंग सांभाळायचंय.

पुण्यातही बघण्याजोगं येऊन जातं, फक्त आपण जात नाही. फेब्रुवारी 2020 ला बालेवाडीत एटीपी (पुरुषांची व्यावसायिक मालिका) स्पर्धेची फायनल यिरी वेसेली नावाच्या डावखुऱ्या चेक खेळाडूने जिंकली. हा 2011 साली ज्युनिअरमध्ये जगात पहिला होता, ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनिअर विजेता. म्हणजे पालकांच्या हिशेबाने सगळं ठरल्यासारखंच. मोठ्यांमध्ये त्याचं सर्वोत्तम रँकिंग 35. जोकोविचशी दोनदा खेळला आणि दोन्ही वेळा जिंकला, हा विक्रम मिरवावा असाच. पण पहिल्या दहात तो कधीच आला नाही. मी हे सांगतो तेव्हा एखादी आई हळूच म्हणते, "पस्तिसावा म्हणजे कमी का हो?" मला ती आई फार आवडते.

आणि चेन्नई, सप्टेंबर 2022. चेकचीच लिंडा फ्रुहव्हिर्तोव्हा, वय 17, डब्ल्यूटीएची, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक मालिकेतली, फायनल पहिला सेट गमावून जिंकली. त्या आठवड्यात मला तीन पालकांनी तिचा फोटो पाठवला. दोन वर्षांनी ती पहिल्या शंभराच्या बाहेर होती, तेव्हा एकानेही पाठवला नाही. तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. सतराव्या वर्षी जिंकणं आणि विसाव्या वर्षी टिकणं ही दोन वेगळी कामं आहेत, एवढंच.

फेब्रुवारी 2025 मध्ये पुण्याच्याच चॅलेंजरमध्ये आणखी एक चेक जिंकला, दालिबोर स्वर्चिना. गुण 100. त्यानंतर पाच आठवड्यांनी मेन्शिक मायामीत.

त्या मायामीची गंमत मला फायनलपेक्षा पहिल्या सामन्यात वाटते. गुडघा सुजलेला, चालवेना. माघार घ्यायचा कागद हातात घेऊन हा रेफ्रीला शोधत गेला. रेफ्री जेवायला गेलेले! मग तोवर म्हणून फिजिओच्या खोलीत शिरला. त्याने गुडघ्यावर काम केलं, वेदनाशामक गोळ्या झाल्या, हा उतरला आणि जिंकला. पुढे हरवलं ते ड्रेपर, फिल्स, उपांत्य फेरीत तोच फ्रिट्झ, आणि 30 मार्चला पावसाने लांबलेल्या फायनलमध्ये जोकोविच, जो कारकिर्दीतल्या शंभराव्या विजेतेपदासाठी खेळत होता. 7-6, 7-6. अख्ख्या स्पर्धेत सात टायब्रेक खेळला, सातही जिंकला. आला तेव्हा जगात 54 वा होता, गेला तेव्हा 24 वा. चषक घेताना त्याने त्या फिजिओचे आभार मानले. रेफ्रीच्या डब्यात त्या दिवशी काय होतं ते कुणीतरी विचारायला हवं होतं.

यात नशीब किती, असं मला विचारलं तर मी म्हणेन, बरंच. पण रेफ्री जेवायला रोज कुठेतरी जातच असतात. त्या वेळी तुम्ही मायामीच्या ड्रॉमध्ये, म्हणजे खेळणाऱ्यांच्या यादीत, असायला लागता.

एवढं ऐकून झाल्यावर वडील घड्याळ बघतात आणि म्हणतात, "ते ठीक आहे सर, पण आमच्या हिचं काय?"

मागच्या वर्षी असेच एक वडील आले होते, मुलगी अकरा वर्षांची, फोरहँड सुरेख. मी तिचं पुढच्या महिन्याचं अंडर-12 चं नाव मागे घ्यायला लावलं आणि शनिवारी सकाळी तिला आमच्या क्लबमधल्या एका त्रेपन्न वर्षांच्या काकांसमोर उभं केलं. काका डावखुरे, गुडघ्याला पट्टा, नुसते स्लाइस मारतात, चेंडू उसळतच नाही. वडील नाराज झाले. म्हणाले, अशाने हिचा कॉन्फिडन्स जाईल. पहिल्या शनिवारी ती 6-0 हरली आणि रडली. काकांनी तिला लिंबू सरबत पाजलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा 6-0 हरवलं.

परवा 6-4 हरली. रडली नाही. काकांना म्हणाली, "तुम्ही दमलात ना?" काका खरंच दमले होते.