कपातीनंतर दिव्यांग सहकाऱ्यांसाठी नोकरी शोधताना

आमचे एक उत्पादन युनिट बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा तेथील दिव्यांग कामगारांना दुसरीकडे नोकरी शोधून देण्याचे काम मनुष्यबळ विभागातर्फे माझ्याकडे आले. बायोडेटा तयार करून ठिकठिकाणी पाठवावेत, एवढीच व्यवस्थापनाची अपेक्षा होती. मात्र पहिल्या काही भेटींतच जाणवले की या मंडळींची केवळ नोकरी जात नव्हती. अंगवळणी पडलेल्या आणि कोणत्याही कागदावर न आलेल्या अनेक सोयीही तिच्याबरोबर जाणार होत्या.

यंत्रावर काम करणाऱ्या एका कर्णबधिर सहकाऱ्याला मी ‘कामासाठी काय लागते?’ असे लिहून विचारले, तर त्याने ‘काही नाही’ असे उत्तर लिहिले. प्रत्यक्षात त्याच्या यंत्राला भोंग्याऐवजी लाल दिवा जोडलेला होता, पाळी बदलताना सुपरवायझर सूचना फळ्यावर लिहीत असत आणि शेजारचा कामगार खाणाखुणा शिकला होता. हे सारे मी त्याच्या पाळीत उभे राहून टिपले आणि सुपरवायझर दुसरीकडे जाण्यापूर्वीच अनुभवाच्या दाखल्याला जोडून त्यांची सही घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारानुसार वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव ठरतो आणि त्याचे 27 वे कलम तर रोजगारावरच आहे. पण पत्रात त्याचा हवाला दिला की सौजन्यपूर्ण उत्तर येई, आणि हे एक पानी टिपण जोडले की मुलाखतीचे बोलावणे येई.

नोंदी ठेवणाऱ्या अंध सहकाऱ्याची अडचण निराळी होती. त्यांचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, कंपनीच्या परवान्यावर चालत होता, म्हणजे शेवटच्या दिवशी तोही जाणार होता. ‘एनव्हीडीए’ हा दुसरा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि पेन ड्राइव्हवरूनही चालतो, म्हणून नोटिशीच्या काळातच त्यांनी त्याचा सराव सुरू केला, कारण ‘जॉज’साठी बसवलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे त्याला दिलेल्या खास सूचना, ‘एनव्हीडीए’त चालत नाहीत. ऑनलाइन अर्जातील चित्रे ओळखून करायची पडताळणी आणि घड्याळ लावलेली चाचणी यांपुढे मात्र सरावाचा उपयोग नव्हता; तेथे आधीच फोन करून वाढीव वेळ किंवा दुसरी पद्धत मागावी लागे. शक्य असेल तेथे मी मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची संधी मागत असे, कारण खाणाखुणांच्या भाषेच्या दुभाष्याविना झालेल्या कर्णबधिराच्या मुलाखतीत कामाची नव्हे, बोलण्याची परीक्षा होते.

अपंगत्वाचा उल्लेख अर्जात करावा की नाही, हे मी ज्याचे त्याच्यावर सोडले. याबाबत बाहेरच्याने आग्रह धरू नये, असे माझे मत आहे.

कर्णबधिर सहकारी आता नव्या जागी यंत्रावर आहे आणि तेथेही दिवा बसवून मिळाला आहे. वयाने ज्येष्ठ असलेले काही जण मात्र अजून मुलाखती देत आहेत. त्यांच्या आड वय येते की अपंगत्व, हे नकारपत्रांवरून कळत नाही, कारण त्यांत कारण दिलेलेच नसते.