हळू पोहायचं कसं?

एका पेशंटना मी उजवा हात बाजूने वर न्यायला लावला. साठ अंशांपर्यंत ठीक, पुढे तोंड वाकडं, एकशेवीसच्या वर पुन्हा ठीक. खांद्याच्या हाडाखाली स्नायूचा बंध चिमटला की असंच होतं. फिजिओथेरपीत हे रोजचंच.

"क्रिकेट खेळता?"

"नाही मॅडम. पोहायचो."

त्या 'पोहायचो'मध्ये राज्याची अजिंक्यपदं होती, राष्ट्रीय पदकं होती, खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातली सरकारी नोकरी होती. शेवटच्या स्पर्धेनंतर मात्र पाण्यात पाय घातला नव्हता. कागदावर हिशेब मांडला. दिवसाला आठ किलोमीटर म्हणजे पन्नास मीटरच्या १६० फेऱ्या, एका फेरीत दोन्ही मिळून चाळीसेक हात, म्हणजे एकेका खांद्याचे रोज ३,२०० हेलपाटे. "आणि मी आपला म्हणतो, कपाटावरची फाईल काढताना लचकला," ते हसले.

रबरी पट्ट्याचे व्यायाम त्यांनी इमानदारीने केले. सांगितले दहा की दहाच. खेळाडू पेशंट म्हणून फार सोयीचा असतो. पण आता पाण्यात उतरा म्हटलं की टाळाटाळ. वीरधवल खाडेचं उदाहरण दिलं. तहसीलदारकी सांभाळून २०२३ला गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण घेऊन थांबला. ते म्हणाले, "तो जिंकून थांबला. मी आठवा येऊन." मग स्वतःच ऑस्ट्रेलियाच्या जलतरणपटू इयान थॉर्पचा विषय काढला. ऑलिंपिकची पाच सुवर्णं, २००६मध्ये चोविसाव्या वर्षी निवृत्ती, २०११ला पुनरागमन आणि लंडनची पात्रताही हुकलेली. त्यांना हे सगळं पाठ होतं. पाण्याला पाठ फिरवलेला माणूस पोहण्याच्या बातम्या इतक्या बारकाईने वाचतो, हे मला तेव्हाच कळलं.

शेवटी मे महिन्यात एका सकाळी अंबाझरीकडच्या जलतरण तलावावर गेलो. नागपूरचा मे, तलावात जत्रा. मी काठावर उभी राहून सांगितलं, आधी अंगठा नाही, बोटं पाण्यात जाऊ द्या, हात डोक्यासमोर आडवा नेऊ नका, आणि हळू. पहिल्या दोन्ही वेळा निम्म्यातच त्यांनी वेग घेतला, भिंतीला हात लावला आणि मान वर करून आधी घड्याळ पाहिलं.

"हळू म्हणजे किती सेकंदांत?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, थट्टा नव्हती.

घड्याळाकडे पाहायचंच नाही, असं ठरलं. मग ते अडखळायला लागले. दम कधी घ्यायचा कळेना, पाय खाली जायला लागले. शेजारून साठीच्या एक काकू ब्रेस्टस्ट्रोकने पोहत आल्या, डोकं वर, गप्पा चालूच, आणि यांच्या पुढे निघून गेल्या. टोकाला थांबून म्हणाल्या, "काऊन भाऊ, नवीन आहात का? घाबरू नका, येते हळूहळू."

माझा श्वास अडकला. मला वाटलं, संपलं, हे आता बाहेर निघणार. ते मात्र दांडीला धरून इतके हसले की नाकात पाणी गेलं. "हो काकू, नवीनच आहे. तुम्ही दम कसा सांभाळता?"

काकूंनी सविस्तर शिकवलं. निम्मं चुकीचं होतं. मी मधे बोलले नाही.

आता ते काकूंच्याच बॅचला जातात. खांदा बरा आहे, बटरफ्लायला अजून बंदी. गेल्या तपासणीला त्यांनी मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या स्पर्धेचा विषय काढला. त्यात वयोगट पाच-पाच वर्षांचे असतात, "माझ्या गटात गर्दी कमी असेल" म्हणाले. मी दिवाळीनंतर बघू म्हटलंय. काकूंचं नाव मात्र त्यांनी आधीच देऊन टाकलंय.