राजपार्टी

बॅलेच्या क्लासची पंचाईत एकच असते, राजपुत्र मिळत नाही. परी व्हायला, हंस व्हायला, नुसतं फूल होऊन कोपऱ्यात डोलायलाही मुलींची रांग लागते. तुमान घालून नायिकेचा हात धरायला मात्र कोणी पुढे येत नाही. आमच्या वेंगुर्ल्यातल्या क्लासमध्ये दहा वर्षांत एकही मुलगा टिकलेला नाही. मुलग्यांचे आईवडील 'चौकशी करून' जातात आणि मग क्रिकेटची बॅट घेऊन देतात.

हा क्लास इथे आला कसा, याची कथा साधी आहे. क्लास घेणाऱ्या बाई, ज्यांना आम्ही मिस म्हणतो, मूळच्या मुंबईच्या, लग्न होऊन इकडे आल्या, सासरच्या घराची माडी रिकामी होती. खिडकीच्या उंचीवर एक लाकडी दांडा ठोकला, समोर भिंतभर आरसा लावला आणि सुरुवात झाली. त्या आरशाला खाऱ्या हवेने कडेकडेने काळे डाग पडलेत. जुलैत तो असा घामेजतो, की मुली आधी फडक्याने आरसा पुसतात आणि मग गुडघे वाकवायला लागतात. सुरुवातीला गावाने 'हे इथे कशाला?' असं विचारून घेतलं. आमच्या पिढीला बॅले म्हणजे गॅदरिंगमधला. पडद्यामागून कोणीतरी खर्जात निवेदन करायचं, 'आणि मग प्रभू रामचंद्र वनवासास निघाले', की निळा रंग लावलेला मुलगा एका विंगेतून दुसऱ्या विंगेत जायचा. या बॅलेत निवेदनच नाही म्हटल्यावर लोकांना जरा फसवल्यासारखं वाटलं.

या वर्षी दहावा वर्धापनदिन म्हणून मिसनी 'कॉपेलिया' या बॅलेतला मोठा भाग बसवायला घेतला. गोष्ट कोकणात चालण्यासारखी आहे. गावात एक विक्षिप्त म्हातारा, बाहुल्या बनवणारा. त्याच्या सज्जात एक सुंदर मुलगी रोज पुस्तक वाचत बसलेली. गावातला फ्रान्झ तिच्यावर भाळतो, तिच्याकडे बघून चुंबनं फेकतो. त्याचं जिच्याशी जमलेलं आहे ती स्वानिल्डा हे बघते आणि चिडते. सज्जातली मुलगी ही बाहुली आहे, हे त्या शहाण्याच्या लक्षातच आलेलं नसतं. पुढे स्वानिल्डा मैत्रिणींना घेऊन म्हाताऱ्याच्या घरात घुसते, बाहुलीचे कपडे स्वतः चढवते आणि म्हाताऱ्याला अशी काही नाचवते की विचारू नका. शेवटी लग्न. माझी भाची उंच, म्हणून तिला फ्रान्झ केलं. ती दोन दिवस जेवली नाही. गुलाबी झालरीचा झगा बाकीच्यांना आणि हिला काळी तुमान! शिवाय मोठ्या मुली अंगठ्यांवर उभ्या राहायचे टणक बूट घालणार, आणि हिच्या पायात मऊ सपाता.

तिची समजूत काढायला म्हणून मी तिला इतिहास सांगितला. हा बॅले पहिल्यांदा झाला 25 मे 1870 रोजी, पॅरिसच्या ऑपेरात, आणि तिथेही फ्रान्झ बाईच होती. युजेनी फिओक्र तिचं नाव. त्या काळात पॅरिसमध्ये पुरुष नर्तकांची इतकी पडती झाली होती, की नायकाची कामं बायकांकडेच गेली. खरं कारण जरा वेगळं, ते मी भाचीला सांगितलं नाही. पुढच्या रांगांतल्या श्रीमंत वर्गणीदारांना बायकांचे पाय बघायचे असत, आणि लांब झग्यापेक्षा तुमानीत ते जास्त दिसत. एकदा लागलेली ही सवय पुढे कितीतरी दशकं पॅरिसने सोडली नाही. आणखी एक गोष्ट सांगितली नाही. त्या पहिल्या प्रयोगात स्वानिल्डा झालेली जुझेप्पिना बोझाकी सोळा वर्षांची होती. जुलैत फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, पॅरिसला वेढा पडला, ऑपेरा बंद झालं, आणि नोव्हेंबरात, नेमकं सतराव्या वाढदिवशी, देवीच्या आजाराने ती गेली. रुसलेल्या मुलीला काय काय सांगणार?

बॅलेची त्याआधीची तऱ्हा तर याच्या बरोबर उलटी. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी म्हणून बाई पहिल्यांदा नाचली 1681 मध्ये. तोवर तिथल्या देव्या, अप्सरा आणि गवळणी हे सगळे बाप्येच, तोंडावर मुखवटे चढवलेले. आणि चौदावा लुई! हा खरोखरचा राजा असून राजपार्टी, म्हणजे खेळातल्या राजाचं काम, करायचा. 1653 मध्ये, चौदा वर्षांचा असताना, रात्रीवरच्या एका बॅलेत तो सूर्य झाला होता. त्या बॅलेचे चार भाग म्हणजे रात्रीचे चार प्रहर. चौथा संपता संपता पहाट होते आणि सोनेरी किरणं लावलेला राजा उगवतो. हे वाचल्यावर मला पॅरिस काही फार लांब वाटेना. आमच्याकडे जत्रेत पालखी फिरली की मध्यरात्री दशावतार उभा राहतो आणि उजाडता उजाडता दहीकाल्याने संपतो. मधल्या वेळात द्रौपदी, मोहिनी, तारामती जी कोणी येईल ती नऊवारी नेसलेला बाप्या असते. दिवसा तोच बाप्या कलमांना खत घालत असतो, नाहीतर गवंड्याच्या हाताखाली असतो. त्याला कोणी हसत नाही. उलट 'काय बाई दिसली!' म्हणून दुसऱ्या दिवशी तिठ्यावर त्याला चहा पाजतात. आणि हीच माणसं आपल्या मुलाला बॅलेला घालायचं म्हटलं की म्हणतात, 'नको, मुलींचं असतं ते.' याचा मेळ मला लागलेला नाही. जत्रेतला नाच देवाच्या दारात असतो म्हणून चालतो, की फक्त जुना आहे म्हणून? मला दुसरं कारण खरं वाटतं.

आमच्या शेजारचे आबा हे असे स्त्रीपार्टी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून कंपनीबरोबर जात नाहीत, पण जन्मभर दिवाळीनंतर पेटारा उचलायचा आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचं, हाच त्यांचा क्रम. भाची त्यांच्याकडे गेली ती मिशीसाठी. मिसनी मिशी नको सांगितलं होतं, हिला हवी होती.

"मिशी काय, कोळशानपण काढूक येता," आबा म्हणाले. "आधी उभी कशी रवतस ती दाखव."

ती उभी राहिली. बॅलेत शिकवतात तशी, टाचा जुळवून, पावलं बाहेर वळवून, पाठ ताठ, हात पोटासमोर गोल.

"ही तर देवळात ओटी भरूक इल्ली बाई," आबा म्हणाले.

मग पडवीत तासभर जे चाललं ते मी सुपारी कातरत बघितलं. आबांनी तिचे हात सोडवले, कोपरं अंगापासून लांब नेली. बाई उभी राहते तेव्हा कोपर अंगाला धरते, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर करून दाखवलं, आणि लुंगीतला तो सत्तरीचा म्हातारा निमिषभर खरोखर कोणाची तरी सून दिसला. लगेच कोपर सुटलं, खांदे पडले आणि पुन्हा आबा. भाचीची मान वर होती ती त्यांनी हनुवटीला बोट लावून समोर आणली. "राजा कोणाक बघना नाय गो. लोक राजाक बघतत."

"पण आबा, हा राजा नाहीये. गावातला मुलगा आहे. बाहुलीच्या प्रेमात पडतो."

"बाहुलेच्या?"

"त्याला ती खरी वाटते."

"आणि लगीन?"

"ते दुसरीशी ठरलेलं असतं."

आबा थोडा वेळ गप्प. "मगे राजपार्टी कित्याक? ह्यो तर स्टँडावरचो."

आणि सगळं शिकवणं नव्याने सुरू झालं. तिला एसटी स्टँडवर जाऊन बाइकवर बसलेल्या पोरांना बघून यायला सांगितलं. ती बघून आली आणि म्हणाली, की ते सारखे केसांना हात लावतात आणि मोबाइल उगाच काढून परत ठेवतात. आबांनी मान डोलवली. बाप्याला काम नसलं की हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, एवढं जमलं की झालं, मिशी लागत नाही. फ्रान्झकडे मोबाइल नव्हता, म्हणून तो टोपी काढून परत घालायला लागला. मिसनी तालमीत हे बघितलं. त्यांच्या मोजणीत टोपीला जागा नव्हती. दोनचार दिवस त्यांनी तोंड आंबट केलं आणि मग चार मात्रा काढून दिल्या.

कार्यक्रमाचा पहिला भाग आपल्याकडे असतो तसाच झाला. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांनी मुलींनी शिक्षणातही पुढे यावं असं सांगितलं, माइकने दोनदा शिट्टी मारली. चिमुकल्यांचा नाच झाला, त्यात एक जण शेवटपर्यंत आईला शोधत होती. विंगेत आया खोबरेल चोपडून, चाप खोचून एकेकीचा अंबाडा असा घट्ट बसवत होत्या, की मुलींच्या भुवया ताणल्या गेल्या होत्या. आबा पंख्याखालची खुर्ची सोडून विंगेतच उभे होते. तिथे एका पेटीत राळेची पूड ठेवलेली. बूट घसरू नयेत म्हणून मुली आत जाताना त्यात पाय घासत होत्या. आबांनी चिमूटभर उचलून वास घेतला आणि चेहरा उजळला. "ही खय मेळता?" त्यांच्या लहानपणी राक्षस यायचा तेव्हा मशालीवर राळ उडवत, भक्कन जाळ व्हायचा आणि पुढे बसलेली पोरं आयांच्या पदरात शिरत. तीच वस्तू इथे पाय न घसरण्यासाठी वापरतात, हे त्यांना फारच मिळमिळीत वाटलं.

मग 'कॉपेलिया'. शब्दावाचून काही बघायची आमच्या लोकांना सवय नाही. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, पण बोलणं रात्रभर असतं, त्यातला संकासुर राक्षस तर प्रेक्षकांशीच मालवणीत हुज्जत घालतो. इथे मंचावरची माणसं गप्प, म्हणून ते काम सभागृहाने अंगावर घेतलं. बॅलेत लग्नाची खूण म्हणजे अनामिकेकडे बोट दाखवायचं. स्वानिल्डाने ते दाखवताच माझ्या मागून आवाज आला, "बोटाक काय लागला गो तिच्या?" शेजारीण म्हणाली, "आंगठी मागता." संपलं. कळलं सगळ्यांना. फ्रान्झने सज्जाकडे बघत टोपी काढली, घातली, पुन्हा काढली, तेव्हा मागच्या रांगांतल्या पोरांनी जी शिट्टी घातली ती ओळख पटल्याची होती.

पहिल्या अंकात एक नाजूक जागा आहे. प्रेम खरं असेल तर गव्हाची ओंबी कानाशी हलवली की वाजते, अशी समजूत. स्वानिल्डा ती हलवते, ऐकते, काहीच वाजत नाही, आणि तिचा चेहरा पडतो. आमच्याकडे गहू कुठला? मिसनी भाताची लोंबी घेतली. कापणी नुकतीच झालेली, कोणाच्याही खळ्यात मिळाली असती. मुलगी चांगली नाचणारी होती. तिने लोंबी कानाजवळ नेली, डोळे मिटले, व्हायोलिन बारीक झालं, सगळं सभागृह खरंच शांत झालं.

"पोचट असतला भात," कोणीतरी कळवळून म्हणालं.

हसू फुटलं, मीही हसले, पण ती मुलगी जागची हलली नाही. तिने लोंबीकडे बघितलं, मग फ्रान्झकडे, आणि ती लोंबी अशी टाकून दिली की हसणं आपोआप थांबलं. मला विचाराल तर संध्याकाळचा सगळ्यात चांगला क्षण तोच. पुण्या-मुंबईच्या शिस्तीच्या प्रेक्षकांत तो झाला नसता. तिथे कोणी बोललं नसतं, आणि मग गप्प करायलाही काही उरलं नसतं.

कार्यक्रम संपल्यावर रंगपटात नुसती झुंबड. बाहुल्या बनवणाऱ्या म्हाताऱ्याची दाढी गोंदाने इतकी चिकटली होती, की त्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आबांनी आयांना बाजूला केलं, खोबरेल मागवलं आणि कानाकडून हलके हलके दाढी सोडवून दिली. भाचीकडे बघून ते म्हणाले, "बरो होतो तुझो मेलो," आणि ती भलतीच खूश झाली. मिस आभार मानायला आल्या. पुढच्या वर्षी 'स्वान लेक' घ्यायचा विचार आहे, म्हणाल्या. हंस झालेली राजकन्या, एक राजपुत्र, आणि तिच्यावर मंत्र टाकणारा दुष्ट मांत्रिक.

"राक्षसच म्हणा मां तो," आबा म्हणाले.

"तसाच."

"मगे राळ वायच जास्त हाडा. आणि तेच्या प्रवेशाक एक मशाल."

नाट्यगृहात आग चालत नाही, असं मिस त्यांना समजावून सांगत होत्या, आणि आबा बादलीभर पाणी विंगेत कुठे ठेवायचं ती जागा दाखवत होते.