ट्रॉम्बोनवाल्यांचा आठवडा

अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या शहरांत जे प्रादेशिक सिंफनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे पाश्चात्य शास्त्रीय संगीत वाजवणारे मोठे वाद्यवृंद, आहेत, त्यांच्या वर्षभराच्या कार्यक्रमपत्रिकेचे सरळ दोन भाग असतात. एका भागात बेथोवन, ब्राम्स, चायकोव्हस्की यांच्यासारख्यांच्या शास्त्रीय रचना. दुसऱ्या भागात ‘पॉप्स’, म्हणजे चित्रपटांचे संगीत, ब्रॉडवेच्या संगीतनाटकांतली गाणी, नाताळचा कार्यक्रम किंवा एखाद्या पाहुण्या गायकाबरोबरची संध्याकाळ. वादक बहुतेक तेच असतात आणि सभागृहही तेच. या मैफलींना जाऊ लागले तेव्हा मी पहिल्या भागाची तिकिटे घेत असे आणि दुसऱ्या भागाकडे नाक मुरडत असे. मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द चित्रपटगीतांच्या कार्यक्रमालाच चिकटलेला असल्यामुळे, तेच ऐकायचे तर सिंफनी कशाला, असा एक आढ्यतेचा विचारही त्यामागे होता. पॉप्स ही सिंफनीने पोटासाठी केलेली तडजोड आहे, असे माझे मत होते. ते अगदीच चुकीचे नव्हते. पोटाचा प्रश्न मी क्षुल्लक समजत होते, चूक तिथे होती.

पॉप्सचा जन्मच मुळात या प्रश्नातून झाला. हेन्री ली हिगिन्सन यांनी 1881 मध्ये बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, तेव्हा हंगाम हिवाळ्यापुरता होता आणि उन्हाळ्यात वादकांना काम नसे. त्यांना तेव्हाही काम मिळावे आणि शहरालाही हलकेफुलके संगीत ऐकायला मिळावे, म्हणून 1885 च्या उन्हाळ्यात खाण्यापिण्याची मुभा असलेल्या मैफली सुरू झाल्या. हेच पुढे ‘बोस्टन पॉप्स’ म्हणून नावारूपाला आले. आर्थर फिडलर 1930 पासून 1979 पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धे शतक, त्याचे कंडक्टर होते. ते स्वतः बोस्टन सिंफनीत वादक म्हणून बसलेले होते, आणि नदीकाठच्या मोकळ्या जागेतल्या मोफत मैफली त्यांनी त्याआधीच, 1929 मध्ये, सुरू केल्या होत्या.

बोस्टनसारख्या मोठ्या संस्थेतल्या वादकांना वार्षिक पगार असतो. प्रादेशिक ऑर्केस्ट्राचे गणित वेगळे आहे. तिथे बहुतेक वादकांना ‘सर्व्हिस’च्या हिशेबाने पैसे मिळतात. एक तालीम म्हणजे एक सर्व्हिस, एक प्रयोग म्हणजे एक सर्व्हिस. साधारण अडीच तासांची. शास्त्रीय कार्यक्रमाला चार-पाच तालमी लागतात, तर पॉप्सला पुष्कळदा एक किंवा दोनच, कारण पाहुणा गायक आपली स्वरलिपी बरोबर आणतो आणि वादकांनी ती समोर आल्याबरोबर वाचून वाजवायची असते. (हे सोपे काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी, चित्रपट पडद्यावर चालू असताना त्याचे संगीत प्रत्यक्ष वाजवणारा ऑर्केस्ट्रा एकदा जवळून पाहावा. कंडक्टरच्या कानात ठोके पडत असतात आणि चित्रपट कुणासाठी थांबत नाही.)

या हिशेबात सर्वांत नाजूक अवस्था ट्रॉम्बोनवाल्यांची, म्हणजे सरकत्या नळीचे पितळी वाद्य फुंकणाऱ्यांची, असते. मोत्सार्टच्या सिंफनींमध्ये, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनांमध्ये, ट्रॉम्बोन नाही; बेथोवननेही तो पहिल्यांदा आणला तो 1808 च्या पाचव्या सिंफनीत, आणि तिथेही शेवटच्या भागापर्यंत त्या वादकांना गप्प बसून राहावे लागते. ट्यूबा या खर्जातल्या पितळी वाद्याच्या वादकाची स्थिती त्याहून बिकट. कार्यक्रमपत्रिका अठराव्या शतकात रमली, तर या मंडळींचा महिना कोरडा जातो. पॉप्समध्ये मात्र पितळी वाद्यांवाचून पान हलत नाही, आणि तालवाद्यांचेही तसेच. ज्या संध्याकाळींना मी नाके मुरडत होते, त्याच या लोकांना त्या शहरात टिकवून धरत होत्या.

आणि ते टिकले तरच बाकी सारे शक्य होते. ऑर्केस्ट्राच्या सामाजिक कार्याचे वर्णन करताना मोफत मैफली आणि शाळांतले कार्यक्रम मोजले जातात. ते खरेच महत्त्वाचे आहेत. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या ‘लिंक अप’ उपक्रमात देशभरचे ऑर्केस्ट्रा सहभागी असतात; त्यात मुले वर्षभर वर्गात रेकॉर्डर ही साधी बासरी शिकतात आणि शेवटी सभागृहात आपापल्या जागेवरून ऑर्केस्ट्राबरोबर वाजवतात. शेकडो मुले एकच सूर धरतात तेव्हा तो सूर नेमका लागत नाही, पण त्याची कुणाला फिकीर नसते. मात्र असा कार्यक्रम एका सकाळी संपतो. त्या शहरात राहणारी व्हिओलावादक मात्र आठवड्यातून अनेक संध्याकाळी मुलांना शिकवते, ट्रॉम्बोनवाला शाळेच्या बँडला स्वर कसा धरायचा ते दाखवतो, ओबोवादक महाविद्यालयात शिकवतो आणि रविवारी चर्चमध्ये वाजवतो. एकट्या ऑर्केस्ट्राच्या पैशावर यांतले कोणी जगत नाही. पण तो नसता तर यांतले फारच थोडे तिथे राहिले असते. माझ्या मते प्रादेशिक ऑर्केस्ट्राचे सर्वांत मोठे काम हेच आहे, आणि ते कोणत्याही अहवालात नीट मांडता येत नाही.

हे काही शासनकर्त्यांना फार पूर्वी उमगले होते. नॉर्थ कॅरोलायना सिंफनी 1932 मध्ये सुरू झाली, आणि 1943 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तिला दरवर्षी 2,000 डॉलर देण्याचा कायदा केला. त्याला लोक गमतीने ‘हॉर्न टूटिन बिल’, म्हणजे भोंगे फुंकण्याचे विधेयक, म्हणत. रक्कम तेव्हाही मोठी नव्हती, परंतु ऑर्केस्ट्रा ही धनिकांची हौस नसून राज्याच्या जबाबदारीतली गोष्ट आहे, हे त्यातून मान्य झाले. तो ऑर्केस्ट्रा गावोगाव फिरून मुलांसाठी वाजवू लागला. पुढे 1966 मध्ये फोर्ड फाउंडेशनने 61 ऑर्केस्ट्रांसाठी 8 कोटी 2 लाख डॉलर जाहीर केले, तेव्हा त्यामागचा एक हेतू वादकांचा हंगाम लांबावा आणि उत्पन्न वाढावे हाच होता. मदतीची गरज आजही तशीच आहे, कारण तिकीटविक्रीतून सहसा निम्मा खर्चही भागत नाही.

हा आधार निसटला की काय होते, ते टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराने पाहिले. तिथली सिंफनी 1939 मधली. 2021 मध्ये व्यवस्थापनाने पूर्णवेळ वादकांची संख्या 72 वरून 42 वर आणण्याचा प्रस्ताव ठेवला, वादक संपावर गेले, आणि जून 2022 मध्ये संस्था विसर्जित झाली. प्रस्तावाच्या बाजूने आर्थिक युक्तिवाद होता, हे मान्य; पण कपातीच्या त्या तीस जागांबरोबर शहरातले किती शिक्षक जाणार, हे त्या आकड्यात दिसत नव्हते. वादकांनी मात्र त्याच शहरात नवा ऑर्केस्ट्रा उभा केला.

आता मी दोन्ही भागांची तिकिटे काढते. पॉप्सच्या दिवशी शक्यतो अशी जागा निवडते, की जिथून मागच्या रांगेतले ट्रॉम्बोनवाले दिसतील. दोन गाण्यांच्या मधे त्यांतला एक जण बाल्कनीकडे पाहतो. तिथे त्याच्या विद्यार्थ्यांची एक रांग असते, आणि ती मुले टाळ्या नेहमी जरा लवकरच सुरू करतात.