ट्रेमध्ये उरलेल्या फोडी

ऑफिसातल्या दुपारच्या मीटिंगनंतर फळांच्या ट्रेकडे पाहावं. स्ट्रॉबेऱ्या पहिल्या पाच मिनिटांत गेलेल्या असतात. मग द्राक्षं, मग अननस. कलिंगडाच्याही दोनचार फोडी कुणीतरी प्लेटमध्ये ओढून नेतं. उरतात त्या फिकट हिरव्या चौकोनी फोडी, हनीड्यू नावाच्या खरबुजाच्या. त्या कुणी खात नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा असतातच. परवा एकजण म्हणाला, "हे फळच नाही, ट्रे भरायला घालतात." सगळे हसले. मला मात्र राग आला. एखाद्याच्या घरची परिस्थिती ठाऊक नसताना त्याला नावं ठेवावीत ना, तसा.

हनीड्यूची परिस्थिती मला ठाऊक आहे. केळं कच्चं तोडलं तरी चालतं, त्यातल्या स्टार्चची घरी बसून साखर होते. आंबा आढीत घातला की तोही बिचारा सुधारतो. खरबुजाच्या जातीत तो साठाच नसतो. वेलावरून सुटताना जेवढी गोडी असेल तेवढीच, पुढे वाढ नाही. इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू, देऊन मऊ करता येतं, जरा वासही आणता येतो. साखर कुठून आणणार? आणि ट्रकमधून हजार मैल जायचं म्हणून ते आधीच तोडलेलं असतं. मग लोक त्याला पाणचट म्हणतात.

म्हणजे हनीड्यू खायचं तर वेल आपल्या दारात हवा. इथेच तर गोची आहे, कारण आमचं दार अमेरिकेत, रेडमंडला, सिएटलच्या पूर्वेला. इथे जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पण ऊन नावाला. दिवस सोळा तासांचा आणि संध्याकाळी स्वेटर. जुलैतही रात्रीचं तापमान तेरा-चौदावर येतं. खरबुजाच्या बीला रुजायला निदान एकवीस अंशांची ऊबदार माती लागते आणि रात्र दहाच्या खाली गेली की वेल रुसून बसतो, मरत नाही, पण वाढतही नाही. तरी गंमत अशी की कास्केडचे डोंगर ओलांडून दोन-अडीच तास गाडी हाकली की याकिमाचं खोरं लागतं. तिथे कोरडं रणरणतं ऊन आणि रस्त्याकडेला खरबुजांचे ढीग. पश्चिमेला गुहागर, पूर्वेला माण-खटाव, मध्ये घाट, असंच सगळं. आणि मी गुहागरच्या बाजूला बसून खटावचं पीक काढायला निघालेली.

शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, "झुकिनी लाव, आपोआप येते." आपोआप येणाऱ्या भाजीबद्दल मला मुळीच आकर्षण नाही. ऑगस्टमध्ये इथे झुकिनी लोक एकमेकांच्या दाराशी ठेवून पळून जातात.

तर एप्रिलअखेर खिडकीत, उबेच्या चटईवर, कागदी कुंड्यांमध्ये बी. कागदी अशासाठी की खरबुजाला मुळं हलवलेली खपत नाहीत, कुंडीसकट जमिनीत जायला हवं. दक्षिणेच्या भिंतीलगत वाफा, त्यावर काळं मल्चिंग, म्हणजे माती झाकायचं आच्छादन, त्यावर पांढरं क्रॉप कव्हर, वेलाचं पांघरूणच. रात्री बाजूला पाण्याने भरलेले काळे डबे, दिवसा तापावेत आणि रात्री ऊब सोडावी म्हणून. हे सगळं मी काकूला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. बराच वेळ बघून म्हणाली,

"अगो, त्या वेलाला पांघरूण कसलं घातलंयस? आजारी आहे का तो?"

काकूचंही बरोबर आहे. तिच्या कोकणातल्या परसात चिबडाचा, म्हणजे आमच्याकडच्या खरबुजाचा, वेल म्हणजे कामच नसायचं. मृगाचा पाऊस पडला की बांधाकडेला आळं करून शेणखत घालायचं, चार बिया टोचायच्या आणि विसरून जायचं. आम्ही गणपतीला जायचो तेव्हा वेल कुठे संपतो आणि गवत कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. चिबूड शोधायचा नाकाने. सकाळी मागच्या दारी गेलं की वास यायचा, त्या दिशेने गवत बाजूला करत जायचं. पिकलेला चिबूड स्वतःच तडकतो. उभी भेग पडलेली, आतला पिठूळ पांढरट गर बाहेर डोकावणारा, आणि आपल्या आधी दोन मुंग्या तिथे हजर. तो तसाच दोन्ही हातांनी सांभाळून आणायचा, नाहीतर ओसरीच्या पायरीवरच दोन तुकडे. काकू फोडी करून वर गूळ किसायची, कधी नारळाचं दूध. नुसता खाल्ला तर गोड म्हणावं असा तो नसतोच. गोडी गुळाची, वास चिबडाचा. घरभर तो वास इतका भरायचा की आरतीच्या वेळी कापूरही मागे पडायचा. धाकट्या आत्याला तो वास सहन व्हायचा नाही, चिबूड कापला की ती पुढच्या अंगणात जाऊन बसायची आणि तिच्या वाटणीची फोड मला मिळायची. आत्यावर माझं विशेष प्रेम होतं.

चिबूड, देशावरचं वाळूक, शेंदाड, खरबूज आणि हे हनीड्यू, सगळी एकाच कुळातली, एकाच जातीची. यांचे रानटी नातलग आपल्याकडे रानोमाळ आहेत. हनीड्यू मात्र भूमध्य समुद्राकाठून अमेरिकेत आलं, दक्षिण फ्रान्स आणि अल्जीरियाकडचं ते थंडीसाठी टिकवून ठेवायचं फळ. 1944 साली अमेरिकेचा उपाध्यक्ष हेन्री वॉलेस चीनला गेला, तेव्हा त्याने तिथल्या लानचौ शहराला याचं बी दिलं. तिथलं कोरडं हवामान त्याला इतकं मानवलं की आजही तिकडे त्या फळाला वॉलेसच्या नावानेही ओळखतात. उपाध्यक्ष म्हणून काय केलं हे अमेरिकेत कुणाला आठवत नसेल, तिकडे बाजारात रोज नाव निघतं. राजकारण्यांनी बी वाटावं, भाषणं वाटू नयेत.

जुलैत फुलं आली. आधी नुसती नर फुलं, तीही भरपूर. मग बाजूच्या फांद्यांवर फळ धरणारी, ज्यांच्या मागे बोराएवढा केसाळ गोळा असतो. मुख्य वेलाचं टोक खुडलं की या फांद्या लवकर फुटतात. फुलं दिसली की पांघरूण काढायचं, नाहीतर मधमाशीने यायचं कुठून? ढगाळ दिवशी मधमाश्याही सुट्टीवर, तेव्हा पोरीच्या चित्रकलेच्या पेटीतला बारीक ब्रश घेऊन मीच हिंडते. ब्रश परत मिळत नाही म्हणून पोरगी चिडते, पण शेजारच्या आजोबांना ते दृश्य बघायला आवडतं असं दिसतं, त्यांची खुर्ची बरोबर त्या वेळी कुंपणाशी सरकते.

फळ धरलं की पुढे फक्त बघणं. केसाळ गोळा लिंबाएवढा होतो, मग मोसंब्याएवढा, आणि एक दिवस हात फिरवावा तर लव गेलेली. आणि इथून हनीड्यूचा स्वभाव कळायला लागतो. साधं खरबूज पिकलं की देठापासून आपण होऊन सुटतं. चिबूड तडकतो. हनीड्यू काहीच करत नाही. सुटत नाही, तडकत नाही, धड वासही देत नाही. हिरवट पांढरा रंग जाऊन सायीसारखा पिवळसर येतो, साल हाताला मेणचट, किंचित चिकट लागते, फुलाकडचा भाग अंगठ्याखाली जरासा दबतो. झालं, एवढंच. बाकी तुमचं तुम्ही ठरवा. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन जाते आणि अंगठा लावते. अंगठ्याने दाबून दाबून पिकवलं असं घरातल्यांचं म्हणणं आहे.

सप्टेंबरात जंगलातल्या वणव्यांचा धूर आला आणि ऊन आठवडाभर तांबूस, मलूल झालं. मग हवामानखात्याने पाऊस सांगितला. मी कात्रीने देठ कापला. चव? गोड होतं. याकिमाच्या फळाएवढं नाही, ऑफिसच्या ट्रेपेक्षा कितीतरी जास्त. आजोबांना अर्धं दिलं, ते "हं" म्हणाले, जे त्यांच्याकडून पुष्कळ आहे.

काकूला फोटो पाठवला आणि तिचाच फोन आला. मी विचारलं, यंदा चिबूड किती आले? ती म्हणाली, कुठले चिबूड? माकडं आणि रानडुकरं काही म्हणता काही ठेवत नाहीत, वाडीत आता कुणी लावत नाही. आणि बी? पूर्वी राख-शेणात कालवून मागच्या पडवीच्या भिंतीला थापलेलं असायचं, त्या गोल चकत्या मला अजून दिसतात. त्या भिंतीला गिलावा होऊन रंग लागला, म्हणाली. कुणाकडे आहे का विचारून बघते, पण नसेलच बहुतेक.

"तुझ्या त्या फळाचं बी आहे ना? तेच पाठव की."

"काकू, ते हायब्रिड आहे. पुढच्या पिढीला काय येईल सांगता येत नाही. आणि आले तरी माकडं खातीलच ना?"

"हो, तेही आहेच. मग राहू दे," ती म्हणाली. माकडांनी मागच्या पडवीची निम्मी कौलं फोडलीत, आता सगळी काढून पत्रे घालायचे ठरलेत. त्याला किती खर्च येतो, सुतार किती मागतो आणि कुणाकडे स्वस्तात पत्रे मिळतात, हे तिने मला पुढची वीस मिनिटं सविस्तर सांगितलं.